लांब शेपटीचा नऊ

आमच्या भावजयीला घरात झुरळ दिसलं की ती खुर्चीवर चढते. आणि हीच बाई दिवसभर खेकड्यांच्या अंगावरचे किडे मोजत बसते, त्यांच्यावर परगावी जाऊन भाषणं देते आणि वर त्याचा पगार घेते. मी एकदा म्हटलं, "अगं, झुरळालाच खेकडा समज ना." तर म्हणे, "ताई, झुरळावर माझा अभ्यास नाही."

मी ताई, म्हणजे तिची नणंद. जन्मभर नर्स होते, त्यातली बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात. आवाज मोठा, हात हलका आणि अक्षर वाईट अशी माझी ख्याती. तापाच्या तक्त्यावरचे माझे आकडे बघून मोठे डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, पेशंटचा ताप उतरला, पण तुमच्या नऊची शेपटी काही उतरेना." लग्न केलं नाही. का, ते विचारू नका. विचारणारे सगळे आता वर गेलेत.

रिटायर झाले तेव्हा धाकटा भाऊ टेम्पो घेऊनच दारात आला. "एकटी राहून भांडणार कोणाशी तू?" असं म्हणून माझं सामान त्याने त्यात चढवलं. आणि मला घरात आणून वर्ष होतंय न होतंय तोच हा पठ्ठ्या स्वतः निघून गेला. नोकरीच्या संस्थेच्या जिन्यात, हातात ओढ्याच्या पाण्याची बादली असताना छातीत कळ आली आणि खेळ खलास. लोक म्हणतात, बादली त्याने आधी नीट पायरीवर ठेवली आणि मग बसला. त्यात खेकडे होते ना! त्याचा स्वभावच तसा.

नवरा-बायको एकाच संस्थेत. ती शास्त्रज्ञ, तो टाक्या सांभाळणारा. डोंगरातल्या ओढ्यांवरून खेकडे पकडून आणायचे, त्यांना नंबर घालायचे, अर्धे परत सोडायचे, ही त्याची कामं. खेकड्याच्या अंगावर कोण कोण बिऱ्हाड करून राहतं, ते शोधायचं हे तिचं. जेवताना तो मला समजावून सांगायचा, "ताई, हे राहणारे दोन जातींचे. एक सोबती. हे पाठीवर बसतात, खेकड्याच्या तोंडातलं सांडलेलं खातात, त्रास काही नाही. दुसरे परजीवी. हे आत घुसतात आणि त्यालाच खातात."

मी विचारलं, "मग तुमच्या घरात मी कोणत्या जातीची?"

भावजय ताटात बघून हसली. धाकटा म्हणाला, "सोबती गं. अजून तरी."

तो गेला आणि जेवताना बोलणारं माणूसच गेलं. आम्ही दोघी राहिलो. भांडण नाही, तंटा नाही. ती तिच्या खोलीत, मी माझ्या. "चहा ठेवलाय", "दार लावून घ्या", एवढंच काय ते बोलणं. त्याचं नाव दोघींपैकी एकीनेही काढलं नाही. मी काढलं तर ती रडेल म्हणून मी गप्प, आणि मी रडेन म्हणून बहुतेक ती गप्प. पण खरं सांगते, मला तो हवा होता. बाथरूममध्ये बेसूर गाणारा, माझा चष्मा लपवणारा, चहात बिस्कीट बुडवून ते तळाशी गमावणारा. आठवण फोटोवर भागत नाही. फोटोतला माणूस चष्मा लपवत नाही.

असं चौथं वर्ष लागलं. एका दुपारी भावजयीचा फोन आला. ती कामावरून कधी फोन करत नाही.

"ताई, संस्थेत येता? आत्ता."

"काय झालं? पडलीस का?"

"नाही. या फक्त."

मी तशीच रिक्षात बसले. टाक्यांच्या खोलीत मी त्याच्या माघारी एकदाही गेले नव्हते. काचेच्या टाक्यांच्या रांगा, पंपांची घरघर, पाण्यात सतत बुडबुडे, ओली फरशी, चिखलाचा वास. दाराआड त्याचे गमबूट तसेच उभे होते. मी तिकडे बघितलं नाही असं दाखवलं.

भावजय शेवटच्या टाकीपाशी होती. आदल्या दिवशी ती वरच्या ओढ्यावर जाऊन आली होती, तिथल्या सापळ्यात हा एक सापडला म्हणाली. तळहाताएवढा खेकडा, काळपट हिरवा, पाठीवर शेवाळ साचलेलं. शेवाळात तांदळाच्या कणीएवढे पांढरे किडे उभे राहून डुलत होते. हेच ते सोबती. तिने दोन बोटांत त्याला मागून धरून उचललं आणि मऊ ब्रशने पाठीचं शेवाळ हळूच बाजूला सारलं.

खाली लाल रंग होता. अंक होता. नऊ.

वर छोटंसं गोल आणि खाली लांबलचक शेपटी, ओढत ओढत पार कवचाच्या कडेपर्यंत नेलेली. ह्या शेपटीपायी शाळेत त्याने किती छड्या खाल्ल्या, ते मी मोजलेलं आहे.

"ह्यांच्या हातचा आहे, ताई," भावजय म्हणाली.

मला ते सांगायला हवं होतं का! आणि रंगही मी ओळखला. ड्यूटीवर नखं रंगवायची बंदी, म्हणून सुट्टीतली चैन म्हणून मी एक लाल नेलपॉलिश आणून ठेवलं होतं. एक दिवस बाटली गायब. हा महाशय म्हणाला, "ताई, खेकड्यांना चांगलं चिकटतं गं. पाण्यात राहून सुद्धा जात नाही." मी त्याला बाटलीचोर म्हटलं होतं. ती बाटली तिथेच, खिडकीत उभी होती.

"पण," मी म्हटलं, "तोच म्हणायचा ना, खेकडा वाढला की जुनं कवच टाकतो आणि नंबरही जातो म्हणून? वर्षभरात पुन्हा धरून पुन्हा लिहावा लागतो म्हणायचा."

"हो. त्या वेळी सोडलेल्या सगळ्यांचे गेले असणार. ह्याचाच राहिला. का, ते दाखवते." तिने खेकडा उलटा केला. खेकडीण पोटाखालच्या झडपेत अंडी सांभाळते, ते मी धाकट्याकडून ऐकलेलं. ह्याच्या झडपेखाली एक पिवळट पिशवी होती, फुगलेली.

"अंडी?"

"हा नर आहे, ताई. ही पिशवी म्हणजे परजीवी. समुद्रातल्या खेकड्यांत असला प्रकार दिसतो, गोड्या पाण्यात फार क्वचित. बाहेर दिसतेय ती नुसती पिशवी. आत तिची मुळं पसरलेली असतात, पार पायांच्या टोकांपर्यंत. आणि ह्या बापड्याला वाटतं, ही आपलीच अंडी. तो तिला पाणी घालतो, साफ करतो, कोणाला जवळ येऊ देत नाही."

"आयत्या बिळावर नागोबा!"

"त्याहून वाईट. नागोबा निदान बिळाला स्वतःला पोसायला तरी लावत नाही." तिने ब्रशचं टोक पिशवीकडे नेलं. "आणि ही पिशवी त्याला कवच टाकू देत नाही. त्याने कवच टाकलं तर हिचंही बिऱ्हाड जाईल ना. म्हणून तो वाढला नाही. म्हणून नंबर राहिला."

मी त्या पिवळ्या पिशवीकडे बघून मनात म्हटलं, बाई, तुझं भलं होवो. रोगाला असा आशीर्वाद देणारी नर्स मी पहिलीच असेन.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी डबा घेऊन संस्थेत जायला लागले. आधी भावजय कँटीनमध्ये जेवायची आणि तिचं काही अडत नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. डबा हे निमित्त. मी टाकीशेजारी स्टूल घेऊन बसायचे. नऊ दगडाखालून बाहेर यायचा, पोटाखालच्या त्या परक्या लेकराला कुरवाळायचा, आणि शेपटीवाला अंक माझ्यासमोर इकडून तिकडे फिरायचा. मी त्याच्याशी बोलायचे. "काय रे, जेवलास का? तुझ्या मालकाने माझा चष्मा शेवटचा कुठे लपवला होता, माहितीय? अजून सापडला नाही मेला." भावजय मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली असायची. एकदा ती डोळा न काढताच म्हणाली, "फ्रीजमध्ये बघितलंत? माझं घड्याळ त्यांनी तिथे लपवलं होतं."

आणि असं ते सुरू झालं. तीन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेल्या दोघी बायका जेवताना, येता-जाता, भांडी घासताना धाकट्याबद्दल बोलायला लागलो. तिला माहीत नव्हतं की तो सात वर्षांचा असताना माझ्या मागे हॉस्पिटलात येऊन दुधाच्या बाटल्या पळवायचा. मला माहीत नव्हतं की लग्नाआधी त्याने तिला पहिली भेट म्हणून जिवंत झिंगा दिला होता. "आणि तू त्याच्याशी लग्न केलंस?" "झिंगा फार चांगला होता हो, ताई. गालात परजीवी होता." दोघी एवढ्या हसलो की वरच्या मजल्यावरच्यांनी काठी आपटली.

संस्थेच्या साहेबांना मात्र घाई. येऊन म्हणाले, "उघडून बघा की बाई त्याला. मुळं दिसली तर तुमचं नाव होईल." भावजय म्हणाली, "एकच आहे, साहेब. थांबू या." साहेब गेल्यावर मी तिच्याकडे बघितलं. तिने ब्रश उचलला आणि उगाच धुतलेलाच पुन्हा धुतला.

मग एका सकाळी पिशवी गळून पडली. म्हातारी झाली होती, आपोआप सुटली. भावजयीने ती स्पिरिटच्या बाटलीत घातली, हजार फोटो काढले, साहेबांचंही समाधान झालं. ती दिवसभर गाल लाल करून नाचत होती. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून माझ्याही.

"आता हा बरा होईल?" मी विचारलं.

"होऊ शकतो. आतली मुळं मेली तर."

"आणि मग?"

"मग कवच टाकेल."

मी नर्स आहे. रोगी बरा होणार म्हटल्यावर माझ्या तोंडून काय निघायला हवं होतं? आणि निघालं काय? "नको गं. नको टाकू देऊ त्याला. एवढंच राहिलंय त्याचं."

 टाकीमागे पाणी थंड ठेवायचं मशीन होतं. तिने त्याची खुंटी खाली फिरवली. थंड पाण्यात खेकडा कवच टाकणं पुढे ढकलतो, हे तिनेच मला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मात्र तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं. रिक्षात दोघी दोन बाजूंना बघत बसलो.

पुढचे काही आठवडे तो अंक तसाच राहिला. पण खेकडा तसा राहिला नाही. खाईना. दगडाखालून येईना. पाठीवरचं शेवाळ जाडजूड झालं, त्याखाली अंक पुसट. भावजय रोज ब्रशने तो अंक साफ करायची आणि खेकडा साधी नांगीही उगारायचा नाही. मी गप्पा मारायचे, पण आता "जेवलास का" विचारायची सोय नव्हती.

एका दुपारी डबा ठेवला आणि टाकीत बघितलं, तर तो दगडाला टेकून कुशीवर पडला होता. कवचाच्या मागच्या कडेला बारीक फट पडली होती. आतलं मऊ अंग दिसत होतं, फिकट. थरथरायचा, जोर करायचा आणि थांबायचा. पुन्हा जोर, पुन्हा थांबायचा.

हे मी आयुष्यभर बघितलेलं आहे. कुठल्या वॉर्डात, ते सांगायला नको.

"अगं, अडलाय हा!" मी ओरडले. पंपांच्या घरघरीत माझा आवाज जेवढा चढायला हवा त्याच्या दुप्पट चढला. "सोडव त्याला. ते पाणी गरम कर आधी!"

"एकदम नाही करता येत," भावजय म्हणाली. तिचा हात खुंटीवर होता, पण फिरत नव्हता. "ताई, टाकलं तर नंबर जाईल."

"जाऊ दे."

"तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणाले. माझी जीभ जळली. अगं, आपला धाकटा असता तर त्याने काय केलं असतं? जेवण सोडून इथे उभा राहायचा ना तो, कोणी कवच टाकायला लागला की? मला हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, त्याचं त्याला करू दे. आपण दोघी त्याच्या अक्षरासाठी त्याचाच खेकडा मारतोय!"

तिने खुंटी फिरवली. मग तिने त्याच खुंटीवर कपाळ टेकवलं आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले, मोठ्याने, वॉर्डात कधी रडले नाही तशी. टाकीतला बिचारा काय म्हणाला असेल!

पाणी हळूहळू कोमट झालं. दुपार कलेपर्यंत आम्ही दोघी स्टुलांवर बसून होतो. डबा तसाच. मी सवयीने पुटपुटत होते, "घे जोर, घे बाळा, आता थोडंच." भावजयीने एकदाही हसून बघितलं नाही. फट रुंदावली. तो मागच्या मागे निघाला. आधी पाठ, मग एकेक पाय, जसा घट्ट स्वेटर काढावा तसा, शेवटी नांग्या. आणि मग टाकीत दोन खेकडे होते. एक रिकामा, पाठीवर लाल नऊ असलेला. दुसरा फिकट, मऊ, सुरकुतलेला, नवा. जुन्या कवचावरचे ते पांढरे सोबती एकेक करून वाकत, आधार घेत नव्या पाठीवर चढत होते.

"बघ," मी म्हटलं, "हे नाही सोडत."

"सगळे नाही पोचत," भावजय म्हणाली. "पण पोचतात बरेच."

रिकामं कवच पाण्यात हलकं डुलत होतं. भावजयीने जाळी माझ्या हातात दिली. "घ्या हवं तर. सुकवून ठेवता येईल. काचेच्या डबीत."

"त्याला लागतं ना ते?"

"खातो तो ते. नव्या कवचाला चुना त्यातूनच मिळतो. दुसरा चुना घालता येतो टाकीत," ती अडखळली, "पण हा आधीच खंगलाय. ह्याला हेच जास्त मानवेल."

मी जाळी पाण्यात घातली. कवच जाळीत आलं सुद्धा. इतकं हलकं! शेपटी जाळीच्या दोऱ्यातून दिसत होती, त्याने जिथे हात उचलला होता तिथे रंगाचा एक जाड ठिपका. चार वर्षांपूर्वी तो कुठेतरी ओढ्याकाठी उकिडवा बसून, जीभ बाहेर काढून हे काढत होता. मला ते घरी न्यायचं होतं. उशाशी ठेवायचं होतं. देवाशपथ, मला ते फार हवं होतं.

मी जाळी उलटी केली. कवच खाली त्या मऊ जिवाच्या पुढ्यात जाऊन बसलं.

त्याने दोन दिवस तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी एका कडेपासून सुरुवात केली. मी रोज जाऊन बसायचे. आधी नऊचं डोकं गेलं, मग शेपटी थोडी थोडी. भावजय म्हणाली, "तुम्ही बघू नका." मी म्हटलं, "खाऊ दे गं. त्याच्या हातचं कोणाच्या तरी अंगी लागतंय."

पुढे तो टणक झाला, नांगी उगारायला लागला, भावजयीचं बोट धरून रक्तही काढलं. तेव्हा तिने मला बोलावलं. ओढ्यात परत सोडायचा तर नंबर घालायला हवा. खिडकीतली बाटली तिने आणली. आतलं नेलपॉलिश सुकून गोळा झालं होतं. तिने कसलेसे थेंब घालून ते पातळ केलं, तरी ते जेमतेम बुडाशी होतं.

"तुम्ही घाला," ती म्हणाली. "मी ह्याला धरते."

तिने खेकडा धरला. मी इंजेक्शन देताना धरायचे तसा श्वास रोखून धरला आणि ब्रश टेकवला. वर छोटं गोल. मग खाली ओढलं. कुठे थांबायचं ते मला जन्मात कधी कळलं नाही. ब्रश कवचाच्या कडेपर्यंत गेला, तिथे उचलला, आणि एक जाड ठिपका राहिला.

भावजय बघतच राहिली. खेकडा तिच्या बोटांत पाय हलवत होता. "ताई," ती म्हणाली, "हा तर ह्यांचा नऊ."

"त्याचा कुठला! माझा आहे. मीच शिकवला ना त्याला, हाताला धरून. त्याने माझा उचलला, बाटलीसारखाच."

 तिने खेकडा अलगद बादलीत सोडला, नाक पुसलं आणि रांगेतल्या बाकीच्या टाक्यांकडे बघितलं.

"ताई, नव्वदपासून नव्याण्णवपर्यंतचे आकडे अजून मोकळे आहेत. उद्या याल?"

मी बाटली उजेडात धरून बघितली. म्हटलं, "येईन की. पण वाटेत नवीन बाटली घ्यावी लागेल."